सोनीचं हातातलं मशीन आणि पीएस६ दोन्ही येणार म्हणायलेत, पण डिस्कचं काय? (अंदाज धागा)

शहापूरचा_गडी · शनिवार, रात्री १०:४८

आमच्या गटात गेले दोन महिने दुसरा विषय नाही, म्हणून शेवटी धागा काढला.

गट म्हणजे नऊ जण, सगळे बेळगावकडचे. शहापूर, वडगाव, अनगोळ, एक मच्छेचा, एक खानापूरचा. नऊ जणांत सात पीएस५ (सोनीचं टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, पीएस६ म्हणजे त्याचं पुढचं), कारण दोन घरांत भाऊ-भाऊ वाटून खेळतात. नवीन डिस्क एकानं घ्यायची, ती सात घरं फिरायची आणि शेवटी विकायची. पाच हजाराची डिस्क बावीसशेला गेली तर घरटी चारशे. भिशीच म्हणा. हप्ता चुकवला तर पुढची डिस्क शेवटी मिळते, हा एकच नियम.

आता पक्कं काय आणि हवेतलं काय, ते आधी वेगळं करतो, नाहीतर उद्या कोणीतरी "सोनीनं जाहीर केलं" म्हणून पुढं पाठवेल.

पक्कं: ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीची मशीनं आखणारा मार्क सर्नी आणि चिप बनवणाऱ्या एएमडी कंपनीचा जॅक हुइन एका व्हिडिओत एकत्र बसले. प्रोजेक्ट अमेथिस्ट नावाखाली तीन नवीन गोष्टी दाखवल्या आणि सर्नी म्हणाला की काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये हे आणायचंय. पीएस६ हे नाव त्यानं तोंडातून काढलं नाही. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेनं बातमी दिली होती की सोनी पीएस५ चे गेम चालतील असं हातातलं मशीन बनवायला लागलीय. सोनीनं त्यावर होय पण म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.

हवेतलं: लीकवाले म्हणतात दोन चिप आहेत. घरातल्या मशीनची ओरायन, हातातल्याची कॅनिस. दोन्ही एकाच घराण्यातल्या, दोन्ही एकदमच येणार.

ताकद किती, फ्रेम किती, त्याचं मला फार पडलेलं नाही. माझा प्रश्न एकच. हातातल्या मशीनला डिस्क बसणार नाही, हे शेंबडं पोरगंपण सांगेल. मग माझ्या कपाटातल्या डिस्कांचं काय? हे एकदा होऊन गेलंय. पीएसपी या सोनीच्या जुन्या हातातल्या मशीनला यूएमडी नावाची बारकी डिस्क होती. २००९ ला सोनीनं पीएसपी गो काढलं, त्यात यूएमडीची जागाच नाही. जुन्या यूएमडीचे गेम गोवर आणायची सोय करू म्हणाले आणि मग गप बसले. माझ्याकडं तेव्हा अकरा यूएमडी होत्या. अजून आहेत. आईनं एकदा त्यांना घड्याळाचं सामान समजून भंगारात घालायला काढलं होतं.

---

सीएनसी_दादा · शनिवार, रात्री ११:१५

गड्या, ताकदीचं पडलेलं नाही म्हणून कसं चालेल? सगळं तिथंच अडलंय.

हिशोब बघ. पीएस५ जोरात चालताना साधारण २०० वॉट खातं. स्टीम डेक ओलेड हे आत्ता मिळणारं हातातलं मशीन, त्याची बॅटरी ५० वॉट-अवरची. त्या बॅटरीवर पीएस५ चालवलंस तर पंधरा मिनिटं. गोवावेसहून बस धरलीस तर उद्यमबागच्या पुढं जायच्या आत बंद. हातातल्या मशीनला १५ वॉटच्या आसपासच चालावं लागतं, स्टीम डेकची चिप तेवढ्यावरच चालते. २०० चे १५ करायचे. चिप बारीक झाली म्हणून थोडं सुटेल, पण तेराव्या हिश्शात तोच गेम तसाच दिसणार नाही.

आणि उष्णता. आम्ही फाउंड्रीवाले, आम्हाला कोणी उष्णता शिकवू नये. पीएस५ मध्ये चिप आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर काढणारा भाग) मध्ये द्रवरूप धातू घातलाय. घरात एका जागी बसणाऱ्या मशीनला ते ठीक. हातातलं मशीन दिवसातनं दहा वेळा पडणार, पोरगं त्यावर बसणार. गॅलियमवाला धातू ॲल्युमिनियमला लागला की ॲल्युमिनियम खातो. तो खिशात घेऊन मी तरी हिंडणार नाही.

---

व्हिटावाली · शनिवार, रात्री ११:४०

मूळची टिळकवाडीची, सध्या बेंगळुरूत. गेम बनवणाऱ्या कंपनीत नाही, पण ग्राफिक्सच्या कोडवरच पोट आहे, म्हणून तोंड घालते.

सीएनसी दादा, वॉटचं गणित बरोबर. पण खरी अडचण मेमरीच्या वेगाची आहे, आणि सर्नीच्या व्हिडिओतली सगळ्यात कंटाळवाणी वाटणारी गोष्ट मला म्हणूनच सगळ्यात महत्त्वाची वाटली. पीएस५ ची मेमरी सेकंदाला ४४८ गिगाबाइट पुरवते. पहिल्या स्टीम डेकची ८८. म्हणजे स्वयंपाकी कितीही झपझप हात चालवणारा आणला तरी भाजी पिशवीभरच येणार. हातातल्या मशीनला महागडी, करंट खाणारी मेमरी घालता येत नाही. मग काय करायचं? येणारा सगळा माल आधी दाबून बारीक करायचा. त्यांनी दाखवलेल्या तिसऱ्या गोष्टीचं नावच युनिव्हर्सल कॉम्प्रेशन. चिपमधून जे काही ये-जा करतं ते सगळं तपासून, दाबता येईल तेवढं दाबून पाठवायचं. बाकीच्या दोन गोष्टी, रेडियन्स कोअर आणि न्यूरल अ‍ॅरे, या उजेडाच्या किरणांचा हिशोब आणि एआयनं चित्र मोठं करणं यासाठी. घरातल्या मशीनला त्या तिन्ही हव्यात. पण तिसरी नसेल तर हातातलं मशीन उभंच राहत नाही.

म्हणून मला वाटतं अफवेत दम आहे. फक्त घरातलंच मशीन करायचं असतं तर मेमरी वाढवली असती आणि मोकळे झाले असते.

आणखी एक खूण. सप्टेंबर २०२५ च्या अपडेटमध्ये पीएस५ ला पॉवर सेव्हर आला. वीज वाचवायची म्हणून गेम मुद्दाम कमी ताकदीत चालवायचा. सोनीनं पर्यावरणाचं कारण दिलं. असेलही. पण गेम बनवणाऱ्यांना आत्तापासून "हाच गेम कमी ताकदीत कसा चालेल ते बघा" अशी सवय लावायची असेल, तर याच्यापेक्षा सोपा रस्ता मला दिसत नाही. पोहायला शिकवण्याआधी पोराला विहिरीच्या कठड्यावर बसवतात, तसं.

---

कोल्हापूर_रिटर्न · रविवार, सकाळी ८:०५

म्हणजे पर्यावरणासाठी नव्हं, खिशासाठी! आयला. झोपेत पण सुचलं नसतं.

बाकी धागा वाचून एवढंच कळलं की मी पीएस४ वरच खेळत बसावं. पीएस४ ला कोण काय दाबणार.

---

खडेबाजार_रिपेर · रविवार, सकाळी ९:३०

मी गेम खेळत नाही, दुरुस्त करतो. पंचवीस वर्षं झाली. दोन शब्द.

डिस्कचं दुःख मला नवीन नाही. आमच्या लहानपणी टीव्ही गेमच्या कॅसेटी भाड्यानं मिळायच्या. पांगुळ गल्लीच्या तोंडाशी एकजण बसायचा, दिवसाला पाच रुपये. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची, तरी नाही चालली की शर्टाला पुसायची, मग पण नाही चालली तर त्यालाच शिव्या. "९९९९ इन १" लिहिलेल्या कॅसेटमध्ये खरे गेम वीस-बावीस, बाकी तेच गेम नाव बदलून. तरीपण एका कॅसेटवर अख्खी गल्ली खेळायची. एकानं घ्यायचं आणि दहांनी खेळायचं, ही आपल्याकडची पद्धतच. शहापूरचा गडी त्याला भिशी म्हणतो, मी पण तेच म्हणीन.

आता मुद्दा. हातातलं मशीन आलं तर ते आपल्याकडं सरळ येईल, असं समजू नका. पीएस५ प्रो, म्हणजे पीएस५ चं जास्त ताकदीचं मॉडेल, जगात नोव्हेंबर २०२४ ला आलं, आपल्याकडं आलं नाही. का? त्यात वाय-फाय ७ आहे, ते ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि आपल्याकडं तो पट्टा तेव्हा खुला नव्हता. कंपनीनंच तसं सांगितलं. म्हणजे पैसे घेऊन माणूस उभा, मशीन तयार, आणि अडवलं कुणी तर हवेतल्या पट्ट्यानं. मे २०२५ मध्ये दूरसंचार खात्यानं त्या पट्ट्यातला ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा भाग विनापरवाना करायचा मसुदा काढला, जानेवारी २०२६ मध्ये नियम पण निघाला. आता नवीन मशीनमध्ये पण तसलंच वाय-फाय असणार हे उघड आहे. त्यामुळं चिप बिप सोडा, मी तर आधी तो पट्टा बघतो.

बाहेरनं आणलेला माल घेऊ नका म्हणून किती वेळा सांगू? दुबईहून, गोव्याहून, कुठनंपण. वॉरंटी नाही, पार्ट नाही, मग माझ्याकडं आणून "मामा, बघा की" करताय.

---

निपाणीची_आई · रविवार, सकाळी ११:२०

नमस्कार. मला यातलं फार कळत नाही, पण माझा मुलगा नववीत आहे आणि गेले सहा महिने पीएस५ पाहिजे म्हणून मागे लागलाय. आता कुठून तरी ऐकून आला की "आई, आता नको, दोन वर्षांनी हातातलं येणार आहे, तेच घेऊ." मला आधी आनंद झाला, पैसे वाचले म्हणून. मग लक्षात आलं, दोन वर्षांनी तो अकरावीत असणार!

घ्यावं का थांबावं? आणि घेतलं तर डिस्कवालं का बिनडिस्कचं? दुकानदार म्हणतो डिस्क आता कोणी घेत नाही.

---

शहापूरचा_गडी · रविवार, दुपारी १२:४०

वहिनी, त्या दुकानदाराला आमच्या गटात आणा, सात डिस्का हातात देतो.

हिशोब साधा आहे. एप्रिल २०२४ ला इथं पीएस५ चं बारीक मॉडेल, स्लिम, आलं तेव्हा डिस्कवालं ५४,९९० आणि बिनडिस्कचं ४४,९९०. दहा हजाराचा फरक. एक डिस्क खेळून विकली की दोन हजार तरी परत येतात. पाच डिस्का विकल्या की फरक फिटला, सहाव्यापासनं नफा. बिनडिस्कच्यावर घेतलेला गेम विकता येत नाही, कोणाला देता येत नाही, मुलाला कंटाळा आला तरी तो तिथंच पडून. वर्षातनं दोनच गेम घेणार असाल तर बिनडिस्कचं चालेल. मुलगा कसा आहे ते तुम्हाला माहीत.

---

सीमेवरचा_वाघ · रविवार, दुपारी १:१०

आधी धागाकर्त्यानं बेळगाव लिहावं का बेळगावी, ते ठरवावं. वरती एकजण बेंगळुरू लिहितेय. आपल्याच धाग्यावर

---

धागापाल · रविवार, दुपारी १:२५

वरील प्रतिसाद अर्ध्यात तोडला आहे. या विषयाला वेगळा धागा आहे, तो गेली सहा वर्षं चालू आहे आणि आणखी सहा वर्षं चालेल. इथं कन्सोलवर बोला. एक्सबॉक्स विरुद्ध प्लेस्टेशनही नको, त्यालाही वेगळा धागा आहे आणि तिथली भाषा याहून वाईट आहे.

---

नक्षत्रमामा · रविवार, रात्री ८:५०

मी खानापूरचा निवृत्त मास्तर. भाचा हा धागा वाचत होता, त्याच्या खांद्यावरून मीही वाचला. गेममधलं मला ओ की ठो कळत नाही, पण ती दोन नावं वाचून राहवलं नाही.

ओरायन म्हणजे आपलं मृग नक्षत्र. कॅनिस म्हणजे लॅटिनमध्ये कुत्रा. आकाशात कॅनिस नावाचे दोन तारकासमूह आहेत, त्यातल्या मोठ्यात जो सगळ्यात तेजस्वी तारा आहे तो आपला व्याध. सध्या थंडी आहे, रात्री नऊच्या सुमारास अंगणात या. आग्नेयेला मृगाचे चार पाय आणि मधले तीन तारे एका रेषेत दिसतील. ती रेषा खाली डावीकडे वाढवत न्या, व्याधावर पोचाल. खानापूरला दिवे कमी, त्यामुळे छान दिसतं. शहरात गच्चीवरून बघा.

गंमत पुढे आहे. पाश्चात्यांच्या गोष्टीत ओरायन हा शिकारी आणि कुत्रा त्याच्या मागे चालणारा इमानी प्राणी. आपल्या गोष्टीत उलटं. मृग म्हणजे हरिण आणि व्याध हा शिकारी. ते मधले तीन तारे म्हणजे व्याधानं मारलेला बाण, हरणाच्या पोटात रुतलेला.

तेव्हा प्रश्न असा की तुमचं हे लहान यंत्र मोठ्या यंत्रामागे शेपूट हलवत चालणार, की त्याला बाण मारणार?

---

कोल्हापूर_रिटर्न · रविवार, रात्री ९:०२

मामा, दंडवत. इतका वेळ हे लोक वॉट-गिगाबाइट करायलेत, आणि तुम्ही अंगणात उभं राहून निकाल लावला.

---

व्हिटावाली · रविवार, रात्री १०:३०

मास्तर, तुमचा प्रश्न गेम बनवणाऱ्यांना रोज पडतो, फक्त ते त्याला इतकं चांगलं नाव देत नाहीत.

बाण मारल्याचं उदाहरण ताजं आहे. मायक्रोसॉफ्टनं नोव्हेंबर २०२० मध्ये एक्सबॉक्सची दोन मशीनं एकदम काढली, मोठं सीरीज एक्स आणि स्वस्तातलं सीरीज एस. मोठ्यात १६ जीबी मेमरी, छोट्यात १०. अट अशी की गेम दोन्हीवर सारखाच चालला पाहिजे. ऐकायला किती न्यायाचं वाटतं! २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ आला तेव्हा दोघांनी एका पडद्यावर खेळायची सोय छोट्या मशीनवर बसेना. अट आडवी आली, एक्सबॉक्सवर गेमच लांबला. शेवटी छोट्याला त्या सोयीतून सूट दिली आणि डिसेंबरमध्ये गेम आला. सहा जीबी कमी पडले म्हणून मोठं मशीन घेणारेही महिनोन्‌महिने थांबले. हरणाच्या पोटातला बाण तो हाच.

आता सोनीनं हातातलं मशीन काढलं आणि "पीएस६ चा प्रत्येक गेम यावर चाललाच पाहिजे" अशी अट घातली, तर गेम बनवणारे आधी छोट्याचं बघणार. मोठ्याच्या वाट्याला तोच गेम, जरा पॉलिश मारून. उलट "जमला तर चालवा" म्हटलं, तर छोटं मशीन व्हिटा होतं.

आणि व्हिटाचं काय झालं ते मी सांगते, माझं नावच त्यावर आहे. पीएसपीनंतरचं सोनीचं हातातलं मशीन, डिसेंबर २०११ ला जपानमध्ये आलं. पडदा सुंदर, अंगठ्यानं फिरवायच्या दोन काठ्या, मागे टचपॅड. मेमरी कार्ड मात्र सोनीचंच लागायचं, बाजारातलं चालायचं नाही. ३२ जीबीचं कार्ड अमेरिकेत शंभर डॉलर! मी कॉलेजात असताना चार जीबीच्या कार्डावर दिवस काढले, एक गेम टाकायचा तर दुसरा पुसायचा. आणि मुख्य म्हणजे सोनीच्या स्वतःच्याच मोठ्या टीम दोनेक वर्षांत पीएस४ कडे वळल्या. दोन वेगळी मशीनं, दोन वेगळी कामं, माणसं तीच. २०१९ ला उत्पादन थांबलं. पीएसपी आठ कोटींच्या आसपास खपलं होतं, व्हिटाचा आकडा तर सोनीनं कधी धड सांगितलाच नाही.

म्हणून यावेळी एकाच घराण्यातल्या दोन चिपा करत असतील तर शहाणपणाचं आहे. एकदाच शिजवायचं, दोन ताटांत वाढायचं. निंटेंडोनं २०१७ मध्ये स्विच काढून घर आणि हात हा भेदच मोडला आणि पंधरा कोटींवर मशीनं विकली. सोनीला ते दिसत नसेल असं नाही.

माझा कौल विचाराल तर अट घालतील. बाण बसेल, पण हरिण मरणार नाही, लंगडेल.

---

सीएनसी_दादा · रविवार, रात्री ११:०५

लंगडं हरिण साठ-सत्तर हजाराला घ्यायचं का मग?

---

व्हिटावाली · रविवार, रात्री ११:१२

दादा, साठ-सत्तरला मिळालं तर नशीब समजा. एआयवाल्यांच्या डेटा सेंटरनी जगातली मेमरी उचलायला सुरुवात केलीय. मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. ज्याला मेमरी विकून घर चालवायचं तोच म्हणतो तुमच्यासारखं गिऱ्हाईक नको. अशात एक नाही, दोन-दोन मशीनं काढायची. तारीख पुढं गेली तर मला नवल वाटणार नाही.

---

शहापूरचा_गडी · सोमवार, सकाळी ७:३०

शिफ्टला जायच्या आधी लिहितो. मामांचा बाण डोक्यातनं जाईना.

रात्रभर विचार केला आणि मला असं वाटतं की बाण मोठ्या मशीनला बसणार नाही, डिस्कला बसणार. बघा कसं ते. हातातल्यात डिस्क नाही. म्हणजे दोन्हीवर खेळायचं तर गेम दुकानातनं नव्हं, नेटवरनं घ्यायचा. एकदा लोकांना ती सवय लागली की घरातल्या मशीनला तरी डिस्क कशाला? सुरुवात झालीच आहे. पहिल्या पीएस५ मध्ये डिस्कची जागा आतच होती. २०२३ च्या स्लिममध्ये ती काढता-घालता येणारी झाली आणि जोडताना पहिल्यांदा नेट लागायला लागलं. प्रो मध्ये ती नाहीच, वेगळी विकत घ्या. पायरी पायरीनं बाहेर काढायलेत, भाडेकरूला काढतात तसं. आधी मागची खोली, मग पडवी, मग "कधी जाताय?"

आणि नेटवरचं दुकान कायम राहील याची खात्री कोण देतो? २०२१ ला सोनीनं पीएस३, पीएसपी, व्हिटा तिघांची दुकानं बंद करायचं ठरवलं. लोक ओरडले तेव्हा पीएस३ आणि व्हिटाची ठेवली. पीएसपीचं जुलैमध्ये बंद झालं ते झालंच. माझ्या अकरा यूएमडी मात्र अजून चालतात. काल रात्री एक लावून बघितली. किर्र आवाज करते, पण चालते.

---

खडेबाजार_रिपेर · सोमवार, सकाळी १०:१५

निंटेंडोचं एक सांगायचं राहिलं. २०२५ च्या जूनमध्ये स्विच २ आलं, त्यात बऱ्याच गेमना कार्ड मिळतं पण कार्डात गेम नसतो. नुसती किल्ली असते. गेम नेटवरनं उतरवायचा आणि खेळताना किल्ली मशीनमध्ये असली पाहिजे. किल्ली दुसऱ्याला दिली की गेम त्याचा. म्हणजे विकता येतं, फिरवता येतं.

लोकांनी शिव्या घातल्या, कार्डात गेम नाही म्हणून. मला तर वाटतं सोनीनं तसली किल्ली काढली तरी गड्याची भिशी वाचेल. बारकं कार्ड, हातातल्यात पण बसेल, घरातल्यात पण.

---

शहापूरचा_गडी · सोमवार, संध्याकाळी ६:५०

रिपेरमामा, हे बेस सांगितलात! किल्ली चालेल की. एक किल्ली, सात घरं.

फक्त शंभर जीबीचा गेम सात घरांत सात वेळा उतरवायचा. आमच्या वडगावच्या दोघांना मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते करायला एक आठवडा. शिवजयंतीच्या चित्ररथाच्या रात्री सुरू केलं तर पुढच्या मिरवणुकीला उतरेल. तरी पण किल्ली असू दे. नसण्यापेक्षा बरी.

---

नक्षत्रमामा · सोमवार, रात्री ९:४०

भाच्यानं विचारलंय: पोर्टल नावाचं सोनीचं एक आधीच मिळतं ना? मग हे नवीन कशाला?

---

व्हिटावाली · सोमवार, रात्री १०:०५

मास्तर, पोर्टल म्हणजे पाण्याचा नळ, विहीर नव्हे. २०२३ ला आलं. आठ इंची पडदा, दोन्ही बाजूला कंट्रोलर. गेम घरच्या पीएस५ वर चालतो आणि चित्र वाय-फायवरनं पोर्टलवर येतं. सोनी म्हणते कमीत कमी ५ एमबीपीएस लागतात, १५ असले तर बरं. तिकडं आता पीएस५ बंद असलं तरी क्लाउडवरनं, म्हणजे सोनीच्या सर्व्हरवरनं, काही गेम चालतात. आपल्याकडं सोनीची क्लाउड सेवा नाही, म्हणून आपल्याला वरच्या पातळीचं सदस्यत्व प्रीमियम नावानं मिळत नाही, डिलक्स नावानं मिळतं. थोडक्यात खानापूरला पोर्टल घेतलंत तर घरात पीएस५ हवंच, आणि पोर्टल घेऊन चोर्ला घाटात गेलात की तो नुसता आरसा.

कॅनिस खरंच आलं तर गेम त्याच्या आतच चालेल. घाटात, रेंज नसताना, पावसात गाडी अडकलेली असताना. मला त्याचंच आकर्षण आहे. गेली कितीतरी वर्षं बेंगळुरूहून रात्रीच्या रेल्वेनं गावाला येते आणि व्हिटाची बॅटरी हुबळीच्या आधीच संपते. वरच्या बर्थवर पडल्या पडल्या चार्जर शोधायचा, तो कधीच सापडत नाही.

---

सीएनसी_दादा · सोमवार, रात्री १०:२०

आता खरं बोललीस. तेवढ्यासाठी मी पण घेईन. पण पहिल्या वर्षी नाही. पहिल्या वर्षाच्या मशीनमध्ये काय काय निघतं ते खडेबाजारच्या मामांना विचारा.

---

खडेबाजार_रिपेर · सोमवार, रात्री १०:२६

काठ्या. नेहमी काठ्याच. पोरगं सोडून देतं, हिरो आपोआप डावीकडं चालत सुटतो. हातातल्या मशीनला तर कंट्रोलर बदलता पण येत नाही, सगळं उघडावं लागतं. चुंबकावर चालणाऱ्या काठ्या घातल्या तर माझा धंदा बुडेल, पण घालू देत.

---

निपाणीची_आई · मंगळवार, दुपारी ३:१५

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी यांच्याबरोबर जाऊन डिस्कवालं पीएस५ घेऊन आलो. मुलगा म्हणाला, "हातातलं आलं की हे विकू." मी म्हटलं, तू आधी दहावीची परीक्षा दे, मग विकणं-घेणं बघू.

आता अडचण अशी की मशीन आलं आणि गेम एकही नाही. दुकानात विचारलं तर पाच हजार. भावोजी, तुमच्या भिशीत आठवं घर घेता का?

---

शहापूरचा_गडी · मंगळवार, दुपारी ३:४०

घेतलं, वहिनी. घरटी चारशेचे साडेतीनशे झाले, आमचाच फायदा.

निपाणी जरा लांब पडते, पण आमचा मच्छेचा गडी दर शनिवारी सासुरवाडीला निपाणीलाच जातो, तो देईल. येताना त्याच्या हाती तंबाखू पाठवू नका, एवढंच. क्रिकेटची डिस्क पाहिजे की गाड्यांची, ते मुलाला विचारून लिहा. गाड्यांचीवर एक ओरखडा आहे, पण चालते.